साडेतीन झाकणं

३ फेब्रुवारी

गुंडे,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पाकीट दुपारपर्यंत तसंच टेबलावर पडू दिलं. नऊ वर्षं थांबले होते, आणखी चार तासांनी आभाळ कोसळणार नव्हतं.

चार पानं लिहिलीस. साडेतीन माशावर, अर्धं बाबांवर, आणि सगळ्यात शेवटी माझ्यावर एक ओळ, ‘तू बरी असशील.’ बरी आहे. इथल्या मत्स्यालयात रोगी माशांचा विभाग माझ्याकडे आहे. पुढे निळे दिवे, पायाखाली गालिचा, काचेला नाक लावलेली पोरं. मागे माझी खोली, ओली फरशी, अठरा उघड्याबोडक्या टाक्या. समुद्रातून आलेला प्रत्येक मासा आधी सहा आठवडे माझ्याकडे राहतो. मी हो म्हटलं तरच तो निळ्या दिव्यात जातो. इथले लोक मला पाठीमागे जेलर म्हणतात. तोंडावर ताई म्हणतात. ताई म्हणणाऱ्यांचं मी हल्ली फारसं मनावर घेत नाही.

तर तुझ्या पत्रातून मला कळलं ते असं. बाबा नोव्हेंबरात मोठ्या टाकीसमोरच कोसळले, पडताना टाकीच्या लाकडी पायाला खांदा आपटला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, अक्षरं जुळत नाहीत म्हणून वाचताही येत नाही. दिवसभर खुर्चीत बसून टाकीतल्या आपल्या म्हाताऱ्या माशाकडे, राजेंकडे बघतात. राजे जेवले की बाबा तोंड उघडतात, नाही तर नाही. आणि आता राजेंच्या परांवर पांढरं काहीतरी आलंय. बाजारातल्या टाकीवाल्याने लांबूनच ‘पांढरे ठिपके’ म्हणून निदान ठोकलं आणि तांब्याचं औषध दिलं. तू राजेंना वेगळ्या टबात काढून चार दिवस ते देतेयस. राजेंनी अन्न सोडलं. म्हणून बाबांनीही सोडलं.

‘ताई, तू नुसतं बघून सांगायचीस.’ हो, सांगायचे. बघितल्यावर. बघायला मी तिथे असायचे.

फोन करू नकोस. तू फोनवर रडतेस, आणि रडण्यातून ठिपक्याचा आकार कळत नाही. मला लिहून कळव: पांढरं अंगावर आहे की फक्त परांच्या कडेला? मिठाच्या कणासारखं सुटं सुटं, की खडबडीत गड्डा? सकाळी नाहीसं होऊन पुन्हा येतं, की वाढतच जातं? कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात? घड्याळ लावून मोज, अंदाजे नको. आणि फोटो काढ. दिवा समोरून नाही, बाजूने धर. बाबांनी शिकवलं होतं ते तरी आठवतं का?

तोवर तांबं चालू ठेव.

ताई

९ फेब्रुवारी

गुंडे,

फोटो मिळाले. सहापैकी चारांत तुझा अंगठा आहे, पण उरलेले दोन पुरेसे आहेत. मी ते भिंगाखाली ठेवले. राजे केवढे झाले गं. आपल्याकडे आले तेव्हा माझ्या तळहाताएवढे होते, अंगावर पांढरी कडी, आणि शेजारचे शिंपीकाका बाबांना हसले होते, ‘साहेब, फसवलं तुम्हाला, याला पिवळे पट्टे कसले येतायत.’ बाबा म्हणाले, ‘दोन वर्षं थांबा.’ दोन वर्षांनी पट्टे आले तेव्हा बाबांनी शिंपीकाकांना हात धरून टाकीसमोर उभं केलं होतं. आता एकवीस वर्षं झाली.

मला कळलं काय झालंय ते. पहिल्या फोटोतच कळलं.

तू म्हणशील, मग सांग. सांगते. त्याआधी तू एक काम करायचंस.

बाबा तीन दिवस बाहेरगावी गेले होते, तो आठवडा आठव. मोठ्या टाकीतल्या माशांवर ठिपके आले होते. खरे ठिपके, मिठासारखे. घरात बाबांचा एकच कायदा होता: तांब्याची बाटली मागच्या खोलीतच राहणार, मोठ्या टाकीच्या खोलीचा उंबरठा ओलांडणार नाही. मासे काढायचे, टबात घालायचे, औषध तिथे. मोठी टाकी काही आठवडे माशांविना ठेवायची म्हणजे रोग उपासमारीने मरतो. चाळीस मासे एकेक करून काढायचे म्हणजे दोन दिवसांचं काम. कोणीतरी कंटाळलं. कोणीतरी ती निळी बाटली आणली आणि सरळ मोठ्या टाकीत ओतली.

माशांना तांबं सोसतं. पोवळ्यांना सोसत नाही, कोळंब्यांना नाही, शंखांना नाही. सकाळी कोळंब्या वाळूवर पाय वर करून पडल्या होत्या आणि खोलीत शिरवत नव्हतं. अठरा वर्षं वाढवलेली पोवळ्यांची बाग. दगडांनी तांबं पिऊन घेतलं ते घेतलंच, तिथे पुन्हा काही उगवलं नाही. बाबा आले, त्यांनी विचारलं, कोणी? आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

बाबा मला एवढंच म्हणाले, ‘ही समोर नको.’ भर दुपारी एक पिशवी घेऊन मी निघाले. तू जिन्यात उभी होतीस. पिशवीचा एक बंद धरून खाली आणलास, जणू मी सहलीला चालले होते.

आता तू लिहायचंस, तुझ्या हाताने: औषध मी टाकलं, ताईने नाही. ते पत्र मला मिळालं की उलट टपाली उपाय येईल. टपालाला दोन दिवस लागतात, हे तुला ठाऊक आहे, म्हणून विचार करण्यात फार वेळ घालवू नकोस.

ताई

१५ फेब्रुवारी

गुंडे,

तू लिहितेस, ‘मी टाकलं नव्हतं, हे तुला माहीत आहे.’ मला काय माहीत आहे ते मला शिकवू नकोस.

तू लिहितेस, ‘मी एकोणीस वर्षांची होते, बाबांनी विचारलं, मी खरं सांगितलं.’ खरं! तुझ्या खऱ्याला कोणी हार घालणार होतं का? गप्प बसता येत होतं. ‘माहीत नाही’ एवढं म्हणता येत होतं. मी आदल्या दिवशी तुझा हात धरून विनवलं होतं, बाबांना मी माझ्या पद्धतीने सांगेन, तू तोंड उघडू नकोस. तू मान डोलावलीस. आणि बाबांनी चप्पलही काढली नव्हती, तोवर तुझं बोट वर झालं होतं.

बाकी तुझी धावपळ वाचून करमणूक झाली. गुरांच्या डॉक्टरकडे गेलीस आणि तो म्हणाला, ‘मासा आहे ना? मग पाण्यात ठेवा.’ टाकीवाला म्हणतो, मात्रा दुप्पट करा. दुसरा म्हणतो, पाण्यात मीठ टाका. समुद्राच्या पाण्यात मीठ! अशा वैद्यांच्या हाती राजे आहेत आणि राजेंच्या हाती बाबा.

मात्रा वाढवू नकोस. कमीही करू नकोस. रोज सकाळी काचेच्या नळीत टबातलं पाणी घेऊन तांबं मोजायच्या बाटलीतले थेंब टाक, रंग कार्डावरच्या तिसऱ्या चौकोनाशी जुळला पाहिजे. तसा तो जुळतो, असं तू लिहिलंस. शाब्बास. काम नेटकं करतेस. राजे टबाच्या कोपऱ्यात नाक लावून उभे असतात, रंग उतरलाय, शिंपला उघडून समोर धरला तरी फिरून बघत नाहीत. आणि बाबा दोन चमचे दूध घेतात, तिसऱ्याला दात आवळतात. मनगटावर घड्याळ राहत नाही, घसरतं, असं लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तू ते दोनदा वाचण्यासाठीच लिहिलं होतंस, हेही कळलं.

तुझ्या हातात आहे गं. चार ओळी लिहायच्या आहेत. बाबांसाठी तू काहीही करशील, असं गल्लीत सगळे म्हणतात ना? मग कर.

ताई

२० फेब्रुवारी

गुंडे,

कबुली मिळाली. वाचली. अशी चालणार नाही.

तू लिहिलंस, ‘त्या रात्री मी थोडंसं औषध टाकलं.’ रात्री नव्हे. संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी. थोडंसं म्हणजे काय? साडेतीन झाकणं. बाटलीचं काळं झाकण, आतल्या रेघेपर्यंत भरून तीन, चौथं अर्धं. अर्ध्यावर हात थांबला, कारण पाण्याला निळी झाक आली आणि खालची मोठी कोळंबी उडी मारल्यासारखी मागे सरली. फेस काढणारा पंप आधी बंद केला होता, नाही तर त्याने औषध ओढून घेतलं असतं. या गोष्टी कबुलीत असायला हव्यात. ज्याने केलं त्याला त्या ठाऊक असतात. नुसतं ‘मी टाकलं, मला क्षमा करा’ हे तर शाळेतल्या मुलीने उशिरा येण्याबद्दल लिहिल्यासारखं झालं.

पुन्हा लिही. मी वर दिलंय ते सगळं त्यात घाल. मग बाबांना वाचून दाखव. मनातल्या मनात नाही, पुटपुटून नाही; खुर्चीसमोर बसून, मोठ्याने. शेजारून शिंपीकाकांना बोलाव. तू वाचलंस आणि बाबांनी ऐकलं, असं त्यांनी खाली दोन ओळींत लिहून सही करावी. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण शिंपीकाकांवर जास्त आहे. ते मापात कधी चुकले नाहीत.

राजेंचा एक कल्ला मिटूनच राहतो, असं तू लिहिलंस. अजून वेळ आहे. मोठा मासा महिनाभर उपाशी राहू शकतो. माणसाचं मला माहीत नाही, तो माझा विषय नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

गुंडे,

शिंपीकाकांची सही मिळाली. त्यांनी लिहिलंय, ‘धाकटीने वाचले. साहेबांनी ऐकले. साहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. यापुढे अशा कामास मला बोलावू नये.’ बिचारे.

आता उपाय. मी शब्द पाळते.

काहीही करू नकोस.

राजेंना जे झालंय ती चामखीळ आहे. डॉक्टरी भाषेत तिला लांबलचक नाव आहे, तुझ्या काही कामाचं नाही. मिठाचे कण अंगभर सुटे सुटे असतात, येतात-जातात, आणि त्यांनी मासा मरतो. हे परांच्या कडेला आलेले फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे गड्डे आहेत. दिसायला घाण, पण निरुपद्रवी. माशाला धसका बसला की येतात. बाबा टाकीवर आदळले त्याच दिवशी राजेंना धसका बसला असणार. स्वच्छ पाणी, शांतता आणि पोटभर अन्न, एवढ्यावर दोन-चार महिन्यांत आपोआप गळून पडतात. त्यांना औषध नाही, आणि लागतही नाही.

राजेंनी अन्न सोडलं ते रोगाने नाही, तांब्याने. या जातीच्या माशांना तांबं जेमतेम सोसतं, भूक आधी मारतं, मग कातडी, मग कल्ले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तसं. इथे तर रेड्यालाही आजार नव्हता.

म्हणून आजच त्यांना बाहेर काढ. जाळं वापरू नकोस, गालावरचा काटा जाळ्यात अडकतो. पाण्याखाली मोठं पातेलं धर आणि हाताने आत वळव. पातेल्यात मोठ्या टाकीचं पाणी नळीने थेंब थेंब सोड, तासभर. पातेल्यातलं पाणी मोठ्या टाकीत ओतायचं नाही, तांबं आहे त्यात. राजे आडवे होतील, मेले असं वाटेल. हात लावू नकोस. टाकीत गेल्यावर दिवा लावू नकोस, खोलीत कोणी मोठ्याने बोलू नका. तिसऱ्या दिवशी उघडा शिंपला दगडांमध्ये ठेव आणि निघून ये. समोर उभी राहून जेवा जेवा करू नकोस, मासा आहे तो, नवरदेव नाही.

हे मला नऊ तारखेला माहीत होतं. आज सव्वीस. मधले सतरा दिवस राजे त्या पाण्यात माझ्या शब्दावर राहिले. मी नऊ तारखेला आधी एक चिठ्ठी लिहिली होती, ‘तांबं बंद कर, टाकीत सोड,’ एवढीच. पाकिटातही घातली होती. मग ती फाडली आणि दुसरं पत्र लिहायला बसले. आता काय चिडायचं ते चिड. निदान एकदा तरी माझ्यावर खऱ्या कारणाने चिडशील.

ताई

१२ मार्च

गुंडे,

राजे जेवले. शिंपला खरवडून खाल्ला, मग कोळंबीचे तुकडे, मग सगळ्या टाकीला एक फेरी मारून काचेपाशी येऊन उभे राहिले. वाचून मी अठरा टाक्यांच्या मध्ये एकटीच हसले. पलीकडच्या बाईने विचारलं, काय झालं? म्हटलं, घरचं माणूस बरं झालं.

पण पुढचं वाचलं. राजे जेवतात आणि बाबा जेवत नाहीत. म्हणजे तुझ्या हातून जेवत नाहीत. तू चमचा पुढे केलास की मान भिंतीकडे वळवतात. शिंपीकाकांनी भरवलं तर दोन घास घेतात. शिंपीकाकांना दुकान आहे, ते दिवसातून दोनदाच येऊ शकतात. शनिवारी बाबांनी डाव्या हाताने वाटी उडवली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण शब्द बोलले. ‘समोर नको.’ तुला. आणि मग, ‘ताई.’

तू लिहितेस, ‘ताई, ये. तू जिंकलीस. ये आणि त्यांना भरव. आणि मग कधीतरी, ते जरा सावरले की, त्यांना खरं सांग. एवढंच कर.’

हे तूच त्यांना का सांगत नाहीस, असं मी विचारणार होते. मग लक्षात आलं. तू कितीही सांगितलंस तरी आता कोण ऐकणार? कबुली तुझ्या तोंडून गेली, तपशिलासकट, साक्षीदारासमोर. आता ‘ते खोटं होतं’ म्हणालीस तर बाबांना वाटेल, आधी पाप केलं आणि आता उलटतेय. ते माझ्याच तोंडून जायला हवं.

रजा मिळाली आहे. सोमवारी येते. मागची खोली मोकळी करून ठेव. तू कुठे झोपायचंस ते तू ठरव.

ताई

१८ जून

प्रिय गुंडी,

हे पत्र आपल्या घरातून लिहितेय आणि तुझ्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवतेय. मार्चमध्ये तू पिशवी भरलीस तेव्हा मी वाटी हातात धरून दारात उभी होते. बंद धरायला पुढे झाले नाही. दंतवैद्याकडचं काम चांगलं चाललंय, असं शिंपीकाकांकडून कळतं. माझ्याशी ते बोलत नाहीत, पण दुकानात मुद्दाम मोठ्याने बोलतात.

बाबा गेले. आज चार दिवस झाले. सगळं उरकलं.

तुला आधी कळवलं नाही, शिंपीकाकांना मात्र कळवलंय म्हणून सांगितलं, कारण तू आली असतीस. आणि त्यांच्यासमोर तुझं तोंड बघून मला बोलावं लागलं असतं.

तू दर पत्रात एकच विचारायचीस, ‘सांगितलंस का?’ आणि मी राजेंबद्दल लिहायचे. डाव्या परावरचा गड्डा गळला, उजव्यावरचा अर्धा राहिला, रंग परत आला. ते सगळं खरं होतं. आता दुसरं खरं लिहिते. सांगितलं नाही. साडेतीन झाकणं मी मोजून टाकली होती, हे मी बाबांना सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगायलाच आले होते, गाडीत वाक्यंही जुळवली होती. मी खोलीत शिरले, त्यांनी डावा हात वर केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. नऊ वर्षांनी. मी वाटी घेतली, पहिला घास दिला, त्यांनी खाल्ला. दुसरा खाल्ला. अख्खी वाटी संपली. म्हटलं, उद्या सांगू. जेवतायत, जेवू दे. मग रोजच जेवत होते.

मी त्यांना आंघोळ घातली, नखं कापली, टाकीचं पाणी बदललं. बाबा बोटाने दाखवायचे आणि मी करायचे. असे तीन महिने मला आयुष्यात मिळाले नव्हते, आणि ते मी तुझ्या ताटातून उचलले होते. मला लाज वाटत होती आणि तरीही मी सुखात होते. दोन्ही खरं आहे, त्यातलं एकही कमी करून लिहिणार नाही.

मग जूनच्या दहा तारखेला, दुपारी, मी काच पुसत होते. बाबांनी तुझ्या खुर्चीकडे बोट केलं. म्हणाले, ‘धाकटी.’ मी म्हटलं, ती तिच्या कामावर आहे. त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ ओठ जुळवत बसले. घाम फुटला त्यांना. आणि म्हणाले, ‘माफ.’ मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘काय बाबा?’ तर पुन्हा, स्पष्ट, ‘माफ केलं. ये म्हणावं.’

तुला तीन महिन्यांत माफी, गुंडे. जे तू केलं नव्हतंस त्याची. मला त्याच गोष्टीची नऊ वर्षांत मिळाली नाही. एक पोस्टकार्ड नाही, एक निरोप नाही. म्हणजे पोवळ्यांचं दुःख नव्हतंच ते. त्यांना मी नको होते, आणि साडेतीन झाकणांनी त्यांना निमित्त दिलं. किंवा तसं नसेलही. तुला बाहेर काढताना त्यांना मी आठवले असेन, नऊ वर्षं फार झाली असं वाटलं असेल, आणि पुन्हा तेच करायचं नाही म्हणून ते तुला बोलावत असतील. हे आज सुचतंय. त्या दुपारी सुचलं नाही. त्या दुपारी मला फक्त वाटलं, हिला तीन महिन्यांत.

मी म्हटलं, ‘हो बाबा, आजच कळवते.’

टेबलाशी बसले, कागद घेतला, वर ‘गुंडे’ लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

त्यांनी खुर्ची फिरवायला सांगितली. टाकीकडे पाठ, दाराकडे तोंड. मी फिरवली. राजे काचेला येऊन उभे राहिले, पाठीमागे, त्यांच्याकडे बाबांनी एकदाही वळून पाहिलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर व्हायची. दूधवाला असायचा, वरच्या मजल्यावरची बाई असायची. दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘आली?’ म्हटलं, गाडी चुकली असेल. तिसऱ्या दिवशी म्हटलं, दंतवैद्य सोडत नसेल, उद्या येईल. शिंपीकाकांना मी त्या दिवसांत दारातूनच परत पाठवलं, बाबा झोपलेत म्हणून. ते जागे होते, खुर्चीत, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. तुझ्यासाठी घातलेला. बटणं मी लावली होती.

चौदा तारखेला, पहाटे, दुसरा झटका आला. अर्धा तासही लागला नाही.

तू आता येऊ नकोस, किंवा ये, तुझं घर आहे. मी महिनाअखेरीस माझ्या टाक्यांकडे परत जातेय. किल्ली शिंपीकाकांकडे ठेवीन. हे पत्र त्यांना दाखव, म्हणजे त्यांनी त्या सहीचं मनाला लावून घेतलंय ते तरी सुटेल. मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. तो शब्द मी या घरात एकदा ऐकलाय आणि त्याचं काय केलं ते वर लिहिलं आहे.

एक मात्र तुला कळायला हवं, कारण तू नेहमी हेच विचारायचीस. ते उपाशी गेले नाहीत. एरवी चार घासांसाठी मला अर्धा तास लागायचा. त्या शेवटच्या चार दिवसांत त्यांनी दोन्ही वेळा वाटी निपटून खाल्ली, स्वतःहून तोंड उघडून, ‘अजून’ म्हणून मागून घेतलं. तू येशील तेव्हा अंगात बसायची ताकद हवी, असं त्यांनी मला खुणेने सांगितलं. आणि मी भरवत होते.

तुझी ताई